गाभण म्हणून विकलेली गिनी पिग आणि माझे 17,700 रुपये

17,700 रुपये. पुण्याला नेऊन केलेले उपचार धरले तर 25,850. आकडा आधीच लिहून टाकते, कारण ज्याला त्याला मी आजवर "सात-आठ हजार गेले" असंच सांगत आलेय. सासूबाईंनाही तेच सांगितलं. खरा आकडा सांगायची लाज वाटत होती. आता लिहितेय, कारण तो माणूस अजून विकतोय.

पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात आम्ही राहतो, पुण्यापासून अडीच-तीन तासांवर. मुलगी नऊ वर्षांची. तिच्या मैत्रिणीकडे गिनी पिग आहे, म्हणून वर्षभर हट्ट चालला होता. डिसेंबरात एका जाहिरातीत फोटो दिसला: पांढरी-तपकिरी मादी, गोल पोट, शेजारी कोबीचं पान. "5 महिन्यांची, गाभण, पिल्लं परत विकत घेतली जातील." पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की 1,500 रुपयांना तो स्वतः घेऊन जाणार, असं फोनवर बोलला. एका वेतात चार पिल्लं धरली तर 6,000. म्हणजे एका वेतात जवळपास सगळे पैसे वसूल.

तुम्ही म्हणाल, पिल्लं परत घेण्याची योजना ऐकूनच कळायला हवं होतं. हो, कळायला हवं होतं. कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण 2019 साली इस्लामपुरात फुटलं तेव्हा माझ्या चुलत दिरांचे पैसे त्यात अडकले होते, आणि त्यांना "अंडी परत घेतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवलाच कसा" असं ऐकवणारी मीच होते. पण तिथे लाखांचा मामला होता, शेड होती, कंपनी होती. इथे मुलीसाठी एक जनावर. हा धंदा आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी काही आंधळेपणाने घेतलं नाही. माझं माहेर शेतकऱ्याचं, गोठ्यात म्हशी होत्या. गाभण जनावर घ्यायचं तर काय विचारायचं, हे मला ठाऊक होतं. चार दिवस वाचन केलं. गिनी पिगचं पहिलं वेत सात-आठ महिन्यांच्या आत व्हावं लागतं, त्यानंतर कमरेच्या हाडांचा सांधा आवळून पक्का होतो, पिल्लं अडतात आणि पोट फाडावं लागतं. मी त्याला नेमकं हेच विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही अभ्यास केलेला दिसतोय. म्हणूनच पाच महिन्यांची देतोय." या एका वाक्यावर मी खूश झाले.

12 जानेवारी 2025, रविवार, संध्याकाळी सात. एसटी स्टँडच्या बाहेर, दुचाकी लावतात तिथे तो आला. दुकान नाही, घरी बोलावलं नाही. खोक्यात गवत आणि गवतात ती. मी उचलायला हात घातला तर म्हणाला, "ताई, गाभण आहे, उचलू नका, पिल्लं पडतील." हे खरंच आहे. शेवटच्या दिवसांत गाभण मादीला विनाकारण उचलू नये, उचललीच तर खालून दोन्ही हातांचा आधार द्यावा. मी तेही वाचलेलं होतं. म्हणून मी हात मागे घेतला.

मोबाइलचा टॉर्च मात्र मारला. आणि मला दिसलं होतं. हेच डोक्यातून जात नाही. पुढच्या पायांची नखं लांब वाढून आत वळलेली होती, जुन्या विळ्यासारखी. दोन्ही कुशींवर, अगदी समोरासमोर, रुपयाच्या नाण्याएवढे केस गेलेले, खालची गुलाबी कातडी दिसत होती. फोटोत त्याच जागेवर कोबीचं पान होतं! पाच महिन्यांच्या जनावराची नखं अशी वळतात का? म्हशीची शिंगं बघून वय सांगणाऱ्या बापाची मी मुलगी. मी विचारलंसुद्धा, केस का गेलेत? तो म्हणाला, गाभणपणात जातात. तेही खरं आहे, काहींचे विरळ होतात. त्याची सगळी उत्तरं अशीच होती, अर्धी खरी. मुलगी शेजारी उभी राहून "आई, गोमू नाव ठेवू या" म्हणत होती आणि मी टॉर्च बंद केला.

जनावराचे 6,500. पिंजरा आणि "बाळंतपणाचं किट" 3,200. किटमध्ये "इम्पोर्टेड" गवताची पिशवी, जी आमच्या दूधवाल्याने वास घेऊन साधं वाळलं गवत म्हणून ओळखली, आणि लेबल खरवडलेली थेंबांची बाटली. गिनी पिगला क जीवनसत्त्व आपल्यासारखंच बाहेरून मिळावं लागतं, एरवी किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम, गाभणपणी 30 पर्यंत. पण ते लेबल नसलेल्या बाटलीतून देऊ नका. पाण्यात टाकून तर मुळीच नको, पाण्यात ते लवकर नासतं. ढोबळी मिरची द्या.

19 जानेवारीला पिल्लं परत घेण्याच्या "नोंदणी"चे 4,000 आणि स्टॅम्पपेपरचे 500. करारावर त्याचा पत्ता होता, सही होती, अंगठा होता. सोबत सोनोग्राफीचा फोटो आला, चार पिल्लांचा. फोटोच्या वरची नाव-तारखेची पट्टी कापलेली होती.

पुढचे सहा आठवडे आमच्या घरात बाळंतपण चाललं होतं. पिंजऱ्यातला वरचा कप्पा काढला, चढून पडायला नको म्हणून. दोन लपायच्या जागा केल्या, खाली जुन्या गोधडीचे तुकडे, वर रोज बदललेलं गवत. गिनी पिगची पिल्लं अंगावर केस, उघडे डोळे आणि दात घेऊनच जन्मतात, पहिल्या दिवसापासून गवत कुरतडतात, म्हणून उथळ ताटली आणि खाली लावलेली पाण्याची बाटली. मुलीने कॅलेंडरवर 59 ते 72 दिवसांची पट्टी लाल रंगवली. घेतलं तेव्हा 30 वा दिवस असं त्याने सांगितलं होतं, म्हणजे 10 फेब्रुवारी ते 23 फेब्रुवारी. आणि मी दूधवाल्याकडून रोज ताजी लसूणघास आणायची. गाभण आणि पाजत्या मादीला कॅल्शियम जास्त लागतं, म्हणून लसूणघास चालते. त्यासाठी ती मादी गाभण असावी लागते.

दर रविवारी मी तिला टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायची. वही माझ्यापुढे आहे. 1,060 ग्रॅम. 1,055. 1,050. 1,060. 1,055. गाभण मादीचं वजन शेवटी जवळपास दुप्पट होतं. सहा आठवड्यांनंतर पोटावर हलका हात ठेवला तर पिल्लांची हालचाल लागते. माझ्या हाताला काही लागलं नाही. त्याला वहीचा फोटो पाठवला. "पहिलारू आहे ताई, पहिल्या वेताला वजन दिसत नाही." म्हशीच्या बाबतीत असं कुणी बोललं असतं तर मी हसले असते. इथे मान डोलावली. गाभण म्हणून विकलेलं जनावर दोन आठवड्यांत वजनाला चढलं नाही तर तिसऱ्या आठवड्याची वाट पाहू नका.

20 फेब्रुवारीला गोमूने खाणं कमी केलं. मी घाबरले. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत गाभण मादीने खाणं सोडलं तर रक्तात विषार चढतो आणि काही तासांत ती जाऊ शकते, हेही खरंच आहे, आणि हे मला त्यानेच महिन्याभरापूर्वी सांगून ठेवलं होतं. त्याने "डॉक्टर" जोडून दिला, व्हिडिओ कॉलचे 1,000. डॉक्टरने लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं औषध तोंडाने द्यायला सांगितलं. मी बाटली आणली, सिरिंज भरली. रात्री साडेदहाला, देण्याआधी एकदा बघावं म्हणून वाचायला बसले. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन यांसारखी औषधं तोंडाने दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जनावर दगावतं. ज्याला हे माहीत नाही तो गिनी पिगचा डॉक्टर नाही. एवढं एक वाक्य लिहून भिंतीला चिकटवा.

मग तरी थांबायचं की नाही? 22 तारखेला मी अजून 2,500 भरले. त्याने सांगितलं, त्या डॉक्टरची चूक झाली, आता मोठे डॉक्टर घरी येऊन सोडवणूक करतील. 71 वा दिवस होता. मुलगी पिंजऱ्यापाशी उशी टाकून झोपली होती. मी काय करायला हवं होतं? कोणी आलं नाही. 23 ला फोन वाजत राहिला, 24 ला बंद झाला.

आमच्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले तर "आम्ही गाई-म्हशी बघतो, हे उंदराचं काम नाही" म्हणून त्यांनी खोकं उघडूनही पाहिलं नाही. 1 मार्चला गाडी करून पुण्याला नेलं, गाडीचे 3,800, तपासणी-एक्स-रे-सोनोग्राफी-औषधं 4,350. दिवस भरत आले असते तर पिल्लांचे सांगाडे एक्स-रेत स्वच्छ दिसले असते. एक हाड दिसलं नाही. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांवर पाण्याच्या गाठी, काळ्या गोल. वयस्क मादीला या गाठी फार होतात, पोट गोल होतं आणि दोन्ही कुशींवरचे केस समोरासमोर जातात. डॉक्टरीणबाईंनी नखं पाहूनच सांगितलं, निदान तीन वर्षांची आहे. वर लघवीत कॅल्शियमचा गाळ. पोटात पिल्लू नसलेल्या मादीला सहा-सात आठवडे लसूणघास मी स्वतःच्या हाताने घातली होती. सुईने गाठींतलं पाणी काढलं, ते पुन्हा भरणार आहे, ऑपरेशनचं ठरायचं आहे. पैसे त्याने घेतले ते एक वेळ सोडून देईन, पण लसूणघासीचं काय करू?

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा अंमलदाराने विचारलं, "म्हणजे उंदीर घेतला तुम्ही, आणि त्याला पिल्लं झाली नाहीत?" आणि मागच्या टेबलावरचे दोघे हसले. मी स्टॅम्पपेपर दाखवला, पैसे पाठवल्याच्या पावत्या दाखवल्या, वही दाखवली. त्याने वही उलटी धरून पाहिली. तिसऱ्यांदा अदखलपात्र म्हणून एक कागद दिला आणि "आपसात मिटवा" म्हणाला. कुणाशी मिटवू? फोन बंद, स्टॅम्पपेपरवरच्या पत्त्यावर मिस्टर जाऊन आले, तिथे पिठाची गिरणी आहे आणि गिरणीवाल्याने हे नावही ऐकलेलं नाही. शेजारच्या वकीलकाकांनी सांगितलं, 420 च्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आलंय, फसवून पैसे काढल्याचं पोटकलम 4 दखलपात्र आहे, गुन्हा नोंदवायलाच हवा. ते चौथ्यांदा जाऊन बोलले. उत्तर मिळालं, "रक्कम किती? सतरा हजार? इथे लाखांची प्रकरणं पडलीत." माझा महिन्याचा पगार 19,000 आहे.

पाळीव प्राण्यांच्या विक्रीसाठी केंद्र सरकारचे 2018 चे नियम आहेत. त्यात गिनी पिगचं नाव घालून समावेश आहे, दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. मी त्या नियमांची छापील प्रत घेऊन ज्या कार्यालयात पाठवलं तिथे गेले. तिथून दुसऱ्या टेबलावर, तिथून दुसऱ्या इमारतीत, आणि त्या इमारतीतल्या बाईंनी माझीच प्रत झेरॉक्स करून ठेवून घेतली, कारण त्यांच्याकडे ती नव्हती. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, पण विक्रेत्याचा पत्ता लागतो. पत्ता शोधायचं काम पोलिसांचं, आणि पोलीस म्हणतात ग्राहक आयोगात जा. चार रजा गेल्या माझ्या.

एक चूक माझी. त्याचा फोन बंद झाला त्याच तासाला मी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावायला हवा होता. मी आठ दिवसांनी लावला, तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेलेले. तुम्ही लाजेपोटी थांबू नका.

या गावातून त्या गावातून विचारत गेले तेव्हा अजून एक बाई सापडल्या, कोल्हापूरकडच्या. त्यांनाही चार पिल्लांची तीच सोनोग्राफी आली होती, 5,000 गेले, आणि त्यांची मादी अमॉक्सिसिलिन दिल्यावर तिसऱ्या दिवशी गेली. त्यांना तक्रार करायची नाही, घरात माहीत नाही.

काल रात्री मुलीने मोबाइल आणून दाखवला. नवा नंबर, नवं नाव, 5 महिन्यांची, गाभण, किंमत 7,500. कोबीचं पान तेच आहे, आणि फोटो गोमूचा आहे.