स्लो जिगिंगची काठी: मालवणच्या दोन फेऱ्यांनंतर

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर असतो. समुद्र इथनं दीडशे किलोमीटर, तरी राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट उतरून मासे धरायला मालवण गाठायचा नाद सुटत नाही. नवी काठी बघून बोटीचे तांडेल म्हणाले, "भाऊनु, ही काटी मोडतली हां." त्यांचं काय चुकलं? बोटीवरच्या फायबरच्या दांड्यापुढं ही म्हणजे उसाचं वाडं.

पण स्लो जिगिंगच्या ह्या जपानी पद्धतीत जिग, म्हणजे गळ लावलेला धातूचा खोटा मासा, हातानं हिसकायचा नसतोच. रीलचं हँडल पाव नाहीतर अर्धा फेरा फिरवलं की काठीचं टोक वाकतं, आणि सरळ होताना तेच जिगला वर ढकलतं. मग दोरी सैल पडते, जिग आडवा होऊन वाळल्या पानागत हेलकावत खाली जातो. मासा बहुतेक तेव्हाच धरतो. थोडक्यात, काठी म्हणजे स्प्रिंग. स्प्रिंग घेताना भार बघतात, तसंच इथं: मासा किती किलोचा हे नंतर, आधी जिग किती ग्रॅमचा?

माझी साडेसहा फुटी, वर 200 ग्रॅमपर्यंत छापलंय. गच्चीवरनं जिग खाली सोडून बघितलं. 150 ग्रॅमला टोक झटक्यात सरळ. 200 ला नुसतं वाकून बसतं, उठायचं नाव नाही. म्हणून मी छापलेल्या आकड्यातनं पाव भाग वजा धरतो. आम्ही जातो तिथं 30-40 मीटर पाणी, ओढ कमी असली तर 100 ते 150 ग्रॅम पुरतं. अंदमानच्या खोल पाण्याचे व्हिडिओ बघून 300 ग्रॅमची जाड काठी घेतली, तर इथं हलका जिग तिला वाकवणारच नाही.

पहिल्या फेरीत तांबोशी लागली आणि मी सवयीनं, पंचगंगेवर मरळ उचलावी तशी, काठी आभाळाकडं केली. तांडेल ओरडले म्हणून वाचली. मित्राची त्याच दिवशी टोकापासून दीड फुटावर मोडली. मासा लागला की टोक पाण्याकडं खाली, ड्रॅग (रीलचा ब्रेक) नीट लावलेला, आणि ओढायचं काम रीलचं. त्यासाठी आडवं ओव्हरहेड रील घ्या, वर पीई 2 जाडीची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, पुढं जिगकडच्या टोकाला फ्लुरोकार्बनच्या दोरीचा तुकडा, म्हणजे लीडर. ह्या दोन्ही जोडणारी एफजी गाठ मला अकराव्या खेपेला जमली. जाड झाली की काठीच्या बारक्या रिंगांत खडखडते.

तक्रारी दोन. गोड्या पाण्यानं धुऊनही दुसऱ्या फेरीनंतर दोन रिंगांच्या पायाशी गंज. आणि रील सीटचं, म्हणजे रील बसवायच्या जागेचं, नट अर्ध्या तासात ढिलं व्हायचं, शेवटी डेल्रिन प्लास्टिकचा वॉशर टर्न करून बसवला. लेथ नसलेल्यानं काय करायचं? साडेनऊ हजारांत हे पटलं नाही. तीन तारे, वॉशरसकट चार.

आता जून-जुलैची बंदी, काठी भिंतीला आडवी टांगलीय. परवा बघतो तर पावसात कपडे वाळेनात म्हणून आईनं तिच्यावर मोजे टाकलेले. भार 150 ग्रॅमच्या आत होता, काही बोललो नाही.