दोरा तुटतो म्हणून बोर्ड बदलून घेऊ नका

"ताई, बोर्ड गेलाय."

श्रावण लागला की कोकणातल्या एम्ब्रॉयडरीच्या गाळ्यांत मेकॅनिकच्या तोंडून हे वाक्य ऐकू येऊ लागतं. मंडळांचे टी-शर्ट, भजनी मंडळींचे कुर्ते, शाळांचे राहिलेले बॅज असं सगळं एकदम अंगावर आलेलं असतं. चाकरमानी यायच्या आत माल द्यायचा असतो आणि नेमकं तेव्हाच मशीन दर पाच मिनिटांनी थांबतं. अशा घाईत माणूस प्रश्न विचारत बसत नाही, पैसे पाठवून मोकळा होतो. फसवणारा मेकॅनिक हेच दिवस धरून फिरतो.

कणकवलीच्या बाजूच्या एका गाळ्यातलं बघा. पंधरा सुयांचं, सिंगल हेडचं, म्हणजे शिवणारं डोकं एकच असलेलं चायनीज मशीन. मेकॅनिकचा नंबर मोबाइलवरच्या जाहिरातीतून मिळालेला, गडी रेल्वेने आला. अर्ध्या तासात निदान झालं: मेन बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड) आणि हूक (सुईखाली फिरून वरचा दोरा पकडणारा भाग), दोन्ही गेले. दहा हजार आगाऊ यूपीआयवर घेतले आणि दोन्ही पार्ट पिशवीत घालून घेऊन गेला. नवव्या दिवशी परत येऊन बसवून दिलं, एक नाव शिवून दाखवलं. बिल आलं ते व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये: व्हिजिट २,५००, बोर्ड रिपेअर १४,०००, 'जपानी' हूक ६,५००, सेन्सर सर्व्हिस १,८००. एकूण २४,८००. दुसऱ्या दिवशी दोरा पुन्हा तुटायला लागला. आधी तो दोनच सुयांवर तुटत होता, आता पंधराच्या पंधरा सुयांवर.

शेजारच्या गाळ्यातल्या टेलर मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "गो बाय, दोरो तुटता तर बोर्ड कित्याक बदलूचो?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. त्याचं उत्तर माहीत असतं तर २४,८०० वाचले असते.

सिंगल हेड मशीनला सुया बारा असोत की पंधरा, खाली हूक एकच असतो. बॉबिन एकच, नीडल प्लेट एकच, मोटर आणि बोर्डही एकच. प्रत्येक सुईचं स्वतःचं असं काय? सुई, दोऱ्याचा कोन (शंकूसारखं रीळ), टेन्शनच्या चकत्या, चेक स्प्रिंग (दोरा ताणून धरणारी बारीक तार) आणि दोऱ्याचा वरचा रस्ता. म्हणून दोरा तिसऱ्या आणि सातव्याच सुईवर तुटत असेल आणि बाकीच्या तेरा सुया सुरळीत चालत असतील, तर दोष त्या दोन सुयांच्या रस्त्यातच शोधायचा. हूक किंवा बोर्ड खराब असता तर त्याने सुई निवडून त्रास दिला नसता. सगळ्या सुयांवर तुटत असेल तर मात्र खाली बघा: हूक, टायमिंग (हूक आणि सुई यांची वेळ जुळणं), प्लेट, बॉबिन. सुई कुठलीही असली तरी डिझाइनच्या एकाच जागी तुटत असेल तर दोष पंचिंगचा, म्हणजे डिझाइनची फाइल बनवतानाचा. एकावर एक तीन थर आलेले असतात, किंवा टाके इतके बारीक असतात की सुई त्याच भोकात पुन्हापुन्हा शिरते. ते डिझाइन करणाऱ्याकडे परत पाठवायचं, मशीनला हात लावायचा नाही.

मेकॅनिकला फोन करण्याआधी एक कागद घ्या. तुटल्यावर दर वेळी सुईचा नंबर आणि पॅनेलवरचा टाक्यांचा आकडा लिहा. दहा-बारा नोंदी झाल्या की निम्मं निदान हातात येतं. हा कागद पुढे धरला की खोटं बोलणाऱ्याची भाषाच बदलते.

दुसरा पुरावा दोऱ्याच्या तुटलेल्या टोकात असतो. ते टोक कुणी बघतच नाही, सरळ कात्रीने कापून पुन्हा ओवतात. उजेडात धरून बघा. टोक पिंजलेलं असेल, कापसासारखं फुललेलं, तर दोरा सुईच्या भोकात घासतोय. सुई झिजली आहे, तिला गोंद लागलाय किंवा दोऱ्याच्या मानाने भोक लहान आहे. टोक ब्लेडने कापल्यासारखं स्वच्छ असेल तर कुठेतरी धार आली आहे, बहुतेक नीडल प्लेटच्या भोकाला किंवा हूकच्या टोकाला. टोक ताणून बारीक झालेलं आणि कुरळं असेल तर टेन्शन जास्त आहे किंवा दोरा कोनाखाली अडकतोय. आणि दोरा तुटलेलाच नाही, तरी मशीन 'दोरा तुटला' म्हणून थांबतंय? मग दोरा तुटल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरच्या चाकात धागे गुंतलेत, चेक स्प्रिंग वाकली आहे किंवा दोरा त्या चाकावरून नीट घेतलेला नाही. हेडवरच्या छोट्या सेन्सर कार्डाचा दोष असू शकतो तो या शेवटच्या प्रकारात, आणि त्यातही आधी ब्रशने चाक साफ करून बघायचं. मेन बोर्ड खरंच जातो तेव्हा पॅनेल चालू होत नाही, फ्रेम सरकत नाही, रंग बदलताना हेड अडकतं, मोटरचा एरर कोड येतो. मे महिन्यातल्या विजांनी बोर्ड जातात हे खरं आहे, पण वीज पडल्यावर फक्त तिसऱ्या सुईचा दोरा तुटायला लागत नाही.

कणकवलीच्या त्या गाळ्यात तिसरी सुई भगव्याची होती आणि सातवी लाल. मंडळाच्या डिझाइनमध्ये सगळा भरणा याच दोन रंगांचा. कपड्यामागचा फ्यूजिंग पेपर चिकटवायला स्प्रे मारत होते. त्या स्प्रेचा गोंद सुईवर चढून भोकाजवळ तपकिरी साय जमली होती. वर रेयॉनचे कोन खिडकीपाशी उघडे. रेयॉन ओला झाला की त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. नुसत्या दमट हवेने तेवढी नाही उतरत, पण जुन्या कोनाला तेवढंही पुरतं. हातभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या, मग नव्या कोनाचा तसाच तोडून बघा. फरक बोटांना कळतो. पावसाळ्यात कोन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावेत, किंवा जून ते सप्टेंबर सरळ पॉलिएस्टर वापरावा. त्या दोन सुया बदलून आणि कोरडे कोन लावून काम भागलं असतं.

सुई बदलताना तीन गोष्टी बघायच्या. सुई डीबीएक्सके ५ जातीची असावी. १२० डेनियर दुपदरी दोऱ्याला ७५/११ नंबर चालतो, जरीला ९०/१४ आणि स्पीड मिनिटाला ५००-६०० टाके. सुई वर टेकेपर्यंत आत गेली पाहिजे. तिसरी गोष्ट म्हणजे मागची खाच बरोबर हूककडे हवी. सुई थोडी जरी वळली तरी हूकचं टोक फासा चुकतं. नव्या पाकिटातली सुई काचेवर लोळवून बघा. टोक डुलत असेल तर पाकीट जर्मन असो वा जपानी, आतला माल डुप्लिकेट आहे.

आता मूळ फसवणूक. ती हूकमध्ये होते, कारण तिथे मालकाची नजर पोचत नाही. मालवण, देवगड, हर्णैकडे खाऱ्या हवेने रात्रीत हूकच्या कडेला तपकिरी रंग चढतो. मेकॅनिक टॉर्च मारून तो रंग दाखवतो आणि सांगतो, हूक खलास. तो गंज वरवरचा असतो. तेल लावून मऊ कापडाने पुसला की जातो. नखाने चाचपून बघायचं ते फक्त हूकचं टोक आणि दोरा ज्यावरून फिरतो ती कड. तिथे खड्डा किंवा काटा लागला तर गोष्ट वेगळी. बारीक काटा हजार नंबरच्या पॉलिश पेपरने निघतो. टोक मोडलेलं असेल तरच हूक बदला. चालू मशीनच्या हूकला दर चार-पाच तासांनी एक थेंब तेल द्या, एकच. जास्त झालं तर कपड्यावर डाग.

हूक बदलला नसला तरी टायमिंग हलवून ठेवता येतं. हूकचे स्क्रू सैल करून किंचित फिरवलं की आज चालणारं मशीन उद्या पुन्हा बोलवायला लावतं. हे तपासणं अवघड नाही. नीडल प्लेट काढा, मेन शाफ्ट हाताने फिरवा. सुई सगळ्यात खाली जाऊन जरा वर यायला लागली की हूकचं टोक सुईच्या मागे, भोकाच्या किंचित वर, बरोबर मध्यावर आलं पाहिजे. बऱ्याच मशीनमध्ये तेव्हा मेन शाफ्टवरच्या अंशांच्या चकतीवर २०१ चा आकडा असतो. आपल्या मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर तोच धरा. टोक आणि सुई यांच्यात कागद जाईल एवढीच फट हवी, ०.१ ते ०.३ मिलिमीटर. हूकच्या आतली बॉबिनची वाटी हूकबरोबर फिरू नये म्हणून पुढून जो पोझिशनिंग फिंगर तिच्या खाचेत बसतो, त्याच्या आणि खाचेच्या मध्येही अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक लागते. त्या गाळ्यात फिंगर खाचेला टेकवून आवळला होता. दोऱ्याला सरकायला जागाच नव्हती, म्हणून पंधराही सुया तोडत होत्या. शिवाय बसवलेल्या 'जपानी' हूकवर ना मेकरचं नाव, ना नंबर. जुना हूक परत मिळालाच नाही.

बोर्डाचंही तसंच. तोच बोर्ड साफ करून परत येतो आणि रिपेअरचे पैसे लागतात, नाहीतर चांगला बोर्ड काढून घेऊन दुसऱ्याच्या मशीनचा दुरुस्त केलेला बसवला जातो. मशीन उघडण्याआधी बोर्डावरच्या स्टिकरचा, हूकवरच्या खुणेचा आणि चकतीवरच्या अंशांचा फोटो घ्या. बोर्डाच्या एका कोपऱ्यावर आतल्या बाजूने नेलपॉलिशचा ठिपका ठेवला तरी पुरतं. मेकॅनिकला याचा राग आला तर तिथेच चहा पाजून निरोप द्यावा.

दाखवताना होणारी लबाडी तर फारच सोपी आहे. स्पीड ४०० वर, टेन्शन सैल, डिझाइन म्हणून पाच अक्षरांचं नाव. असं तर आजारी मशीनही शिवतं. पैसे देण्याआधी जी फाइल तुटत होती तीच लावा, रोजच्या स्पीडला. ७५० च्या स्पीडला दहा हजार टाके जेमतेम पंधरा मिनिटांत होतात. तेवढा वेळ त्याला बसवून ठेवा. मग प्रत्येक सुईने साटीन टाक्याची एक उभी पट्टी शिवून कापड उलटं करा. मागच्या बाजूला मधला तिसरा हिस्सा बॉबिनच्या पांढऱ्या दोऱ्याचा दिसला पाहिजे. पांढरं दिसतच नसेल तर वरचं टेन्शन सैल ठेवून वेळ मारून नेलेली आहे. टेन्शन मोजायचा गेज असेल तर बॉबिनला १८ ते २२ ग्रॅम आणि वरच्या दोऱ्याला साधारण १०० ते १२० ग्रॅम. गेज नसेल तर बॉबिन केस दोऱ्याला लटकवून हलका झटका द्या. केस इंचभर उतरून थांबली पाहिजे. भसकन खाली आली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट.

शेवटी, मशीन चालू असताना वरचा दोरा कात्रीने स्वतः कापा. काही टाक्यांत मशीन थांबायला हवं. थांबलं नाही, तर 'सेन्सर सर्व्हिस' म्हणजे पॅनेलमध्ये जाऊन दोरा तुटल्याची सूचनाच बंद केलेली आहे. त्या गाळ्यात हेच निघालं. मशीन थांबत नाही म्हणून दुरुस्त झाल्यासारखं वाटलं आणि आठ टी-शर्टवर नुसती भोकं पडली.

पैशाचं सांगायचं तर आगाऊ रक्कम व्हिजिटपुरतीच द्यावी. पार्ट बाहेर न्यायचा असेल तर त्याचा नंबर, तारीख आणि परत द्यायचा दिवस लिहून सही घ्यावी. बदललेला जुना पार्ट गाळ्यातच राहील हे आधीच ठरवावं. खराब पार्ट न्यायची घाई चांगल्या मेकॅनिकला नसते.

फसवणूक झालीच तर 'धंद्याचं मशीन, ग्राहक कोर्ट ऐकणार नाही' असं सांगून पुष्कळ जण घाबरवतात. ते अर्धवट खरं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा वगळली आहे, पण केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वापरायला घेतलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे. मशीनवर स्वतः बसणारी बाई त्यावर बोट ठेवू शकते. दहा हेडांवर पगारी कामगार ठेवणाऱ्याचा मात्र वाद होऊ शकतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच करता येते, म्हणजे मेकॅनिक कुठूनही आलेला असला तरी सिंधुदुर्गवाल्याला ओरोस, रत्नागिरीवाल्याला रत्नागिरी. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्यावा. ऑनलाइन आगाऊ पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा, जितका लवकर तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक, व्हॉट्सॲपवरचं बिल, पार्टांचे आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि तो सुई-नंबर लिहिलेला कागद ठेवावा.