टायटेनियमची फ्रेम : आठ महिन्यांचा वापर आणि पहिल्या दिवशीची तपासणी

गेल्या दसऱ्याच्या सुमारास घेतलेली सायकलची टायटेनियमची फ्रेम मी आठ महिने वापरत आहे. रोज सकाळी इंदूरचा सुपर कॉरिडॉर आणि रविवारी सिमरोलमार्गे भेरूघाट, असे मिळून सुमारे ४,२०० किलोमीटर झाले. चालवण्याबद्दल थोडक्यात सांगतो : रस्त्याची बारीक थरथर जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीपेक्षा हाताला बरीच कमी लागते, आणि फ्रेमला रंगच नसल्याने तो उडण्याची काळजी नाही. मला मुख्यतः लिहायचे आहे ते खोके उघडल्यापासून पहिला भाग बसवेपर्यंतच्या दोन तासांबद्दल, कारण सुटे भाग एकदा चढले की इजा वाहतुकीत झाली की आपल्या हातून, हे सिद्ध करणे अवघड जाते.

खोक्याचा एक कोपरा आत दबलेला होता, म्हणून पट्ट्या कापण्यापूर्वीच मी सर्व बाजूंचे फोटो काढले. फ्रेम सुती फडक्याने पुसली, खोलीतले दिवे मालवले आणि टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश पाडला. काहीच दिसले नाही. परंतु डोळे मिटून बोटे फिरवताना डाव्या सीटस्टेवर (सीटखालून मागच्या चाकाच्या आसाकडे जाणाऱ्या नळीवर), वेल्डपासून चार बोटांवर, तुरीच्या डाळीएवढा उथळ खळगा लागला. अशा खळग्याची कड गुळगुळीत आहे की दुमडल्यासारखी धारदार, आणि तो वेल्डला लागून आहे की नळीच्या मधल्या भागात, हे आधी पाहावे. माझा खळगा गुळगुळीत आणि वेल्डपासून दूर होता. विक्रेत्याने प्रथम ‘हे केवळ दिसण्यापुरते आहे’ असे सांगून विषय संपवला, मात्र दबलेल्या खोक्याचे फोटो पाठवल्यावर किमतीचा काही भाग परत केला आणि वॉरंटी कायम असल्याचे लेखी दिले. ते हाती येईपर्यंत मी एकही बोल्ट आवळला नाही.

वेल्ड पाहताना रंगाकडे लक्ष द्यावे. तापलेल्या टायटेनियमला हवा लागू नये म्हणून वेल्डिंग आर्गॉन वायूच्या आवरणात करतात. चंदेरी किंवा फिकट पिवळसर छटा ठीक समजतात, गडद निळा रंग शंकास्पद, आणि राखाडी-पांढरा भुकटीसारखा थर दिसल्यास धातू ठिसूळ झाला असण्याची शक्यता असते. मात्र बाहेरून ब्रश फिरवलेल्या फ्रेमवर या खुणा पुसल्या जातात, म्हणून मी बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस जिथे बसतो त्या) भोकातून टॉर्च टाकून आतली बाजूही पाहिली.

सरळपणा मी साध्या दोऱ्याने तपासला. दोरा मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून) हेडट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीला, वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणला आणि सीटखालच्या उभ्या नळीपासूनचे (सीटट्यूबपासूनचे) अंतर दोन्हीकडे मोजले : डावीकडे ३५, उजवीकडे साडेचौतीस मिलिमीटर. एवढा फरक माझ्या मोजण्यातलाही असू शकतो. डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ज्यावर टांगतात तो हँगर मात्र किंचित वाकलेला निघाला. तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि फ्रेमच्या आधी वाकावा याचसाठी असतो, त्यामुळे मी तो बदलून टाकला.

चौथ्या महिन्यात भेरूघाटाच्या चढावर कट्-कट् आवाज येऊ लागला. घरी आल्यावर पाहिले तर उजव्या चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) वेल्डशेजारी केसाएवढी काळी रेघ, आणि माझा जीव खाली-वर झाला. माझे मामा सांवेर रोडच्या कारखान्यात फिटर होते, त्यांनी फोनवर एवढेच सांगितले, “आधी स्पिरिटने पूस, आणि वाळताना बघत बस.” भेग असेल तर आजूबाजूचा पृष्ठभाग वाळल्यावरही तिच्यातले स्पिरिट काही क्षण ओल्या रेघेसारखे दिसत राहते. माझी रेघ फडक्याबरोबरच गेली. ती चेनच्या तेलाची होती. तरीही मामांच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून मी त्या जागेची लाल रंगाच्या द्रव्याची भेगतपासणी करून घेतली (भेगेत शिरलेला लाल रंग नंतर फवारलेल्या पांढऱ्या थरावर उमटतो), आणि त्या थरावर एकही लाल रेघ उमटली नाही. आवाज बॉटम ब्रॅकेटच्या कोरड्या आट्यांचा निघाला. तिथे आणि सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) आता मी तांब्याची अँटी-सीझ, म्हणजे धातू एकमेकांत अडकू न देणारी, पेस्ट लावतो, आणि सीटपोस्ट दर दोन महिन्यांनी काढून पुन्हा बसवतो, कारण टायटेनियममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट कोरडा राहिला तर तो कायमचा अडकून बसू शकतो.

खळग्यावर मी दर महिन्याला पोलादी पट्टी धरून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पाती) सरकवतो. पहिल्या दिवशी ०.३ मिलिमीटरची पात जात होती आणि ०.३५ ची जात नव्हती. परवा पावसाळ्याच्या तोंडावर मोजले तेव्हाही तेच माप आले.