27 गावं की 14 गावं? शीळ रस्त्यावर घर घेण्याआधी

कल्याण-शीळ रस्त्याला घर शोधणाऱ्यांपुढे हा प्रश्न हमखास येतो. केडीएमसीच्या, म्हणजे कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या, 27 गावांत घ्यावं, की नवी मुंबईला जोडलेल्या 14 गावांत? मी दोन्हीकडे फिरलो आणि 27 गावांत घेतलं. दर, कार्पेट, पार्किंग तुम्ही बघालच, म्हणून हद्दीबद्दलच लिहितो.

14 गावांची ओढ मला समजते. पत्त्यात नवी मुंबई लागते, आणि त्या महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. इकडे 27 गावांना पाणी एमआयडीसीचं. उन्हाळ्यात आमच्या गेटवर टँकर उभा असतो, हे लपवणार नाही. नुसत्या पाण्यावर ठरवायचं असतं तर मीही कदाचित तिकडे गेलो असतो. पण नवी मुंबई पारसिक डोंगराच्या पलीकडे आणि ही गावं अलीकडे. 2007 मध्ये ती नवी मुंबई महापालिकेतून वगळली गेली, 2024 मध्ये परत घेतली. त्यांच्या विकासाचा खर्च कोणी उचलायचा, यावर वाद झाला आणि नवी मुंबईचे नेते गणेश नाईकांनी तर या समावेशालाच उघड विरोध केला. मधल्या काळात ठाणे शहराचा कचरा या 14 पैकी भंडार्ली गावात येत होता. वाली नसला की गावाचं काय होतं, ते त्यावरून कळतं.

27 गावांनीही कमी सोसलेलं नाही. 1983 मध्ये कल्याणची महापालिका झाली तेव्हा ती आत होती, 2002 मध्ये बाहेर पडली, 2006 मध्ये नियोजन एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) गेलं, 2015 मध्ये गावं पुन्हा आत आली. मार्च 2020 मध्ये त्यातली 18 वगळली आणि त्याच डिसेंबरात हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला.

या ये-जा करण्याचा खरा त्रास घर घेणाऱ्याला होतो, आणि माझा निर्णय त्याच त्रासाने केला. इमारतीला परवानगी मिळाली त्या तारखेला ती देण्याचा अधिकार कोणाकडे होता? ब्रोकर ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती पुढे करतो आणि 'सगळं क्लिअर आहे' म्हणतो. पण घरपट्टी भरली म्हणजे बांधकामाला परवानगी होती, असं होत नाही. 14 गावांतल्या एका इमारतीची मूळ मंजुरी बघायला मी गेलो, तर एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. दप्तर नेमकं कोणाकडे आहे, ते कुणी ठाम सांगेना. शेवटी मी ते घर सोडलं. घर छान होतं, आजही वाटतं.

27 गावांत हा गुंता निदान सोडवता येतो. मंजुरी 2006 ते 2015 मधली असेल तर कागद एमएमआरडीएचा हवा, त्यानंतरची असेल तर केडीएमसीचा. एमएमआरडीएच्या कल्याण विकास केंद्रात (ग्रोथ सेंटर) घेतलेल्या यातल्याच दहा गावांत मात्र 2015 नंतरही एमएमआरडीएच बघायची. आमच्या इमारतीची तारीख आणि शिक्का जुळले, नक्कल मिळाली, तेव्हाच टोकन दिलं. तरी सावध राहा, केडीएमसीच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी घेतलेल्या 65 इमारतींचं प्रकरण याच महापालिकेतलं आहे. नक्कल बिल्डरकडून घेऊ नका, स्वतः कार्यालयातून काढा.

ऐरोली-काटई रस्त्याचा बोगदा झाला की 14 गावं नवी मुंबईच्या जवळ येतील, असं तिकडचे विक्रेते सांगतात, आणि त्यात तथ्य असेलही. पण तो रस्ता उतरतो काटई नाक्याला, आणि काटई 27 गावांतलं आहे.

तुमची नोकरी महापे-घणसोलीला असेल, घराची घाई नसेल आणि आठ-दहा वर्षं थांबायची तयारी असेल, तर 14 गावांचा विचार जरूर करा. मुलांची शाळा, डोंबिवली स्टेशन आणि पुढच्या वर्षीच राहायला जाणं हे तुमचं गणित असेल, तर मी तरी 27 गावांतल्या मानपाडा-सोनारपाड्याकडेच आधी चक्कर मारायला सांगेन.