वेरूळच्या ‘परदेशी रिसॉर्ट’मध्ये गुंठे घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

समृद्धी महामार्गात जमीन गेली, मावेजा खात्यावर आला की आपल्या जालन्याकडं दारात कोण कोण येतं, ते वेगळं सांगायला नको. आमच्याकडं आला तो मावसभावाचा साडू. म्हणाला, “भाऊ, वेरूळजवळ सिंगापूरची कंपनी रिसॉर्ट बांधतेय. आत्ता गुंठे घेऊन ठेवा, दीड वर्षात कंपनी दुप्पट भावानं उचलणार.” दोन गुंठ्यांचे ६,८५,००० रुपये दिले. २,००,००० चेकनं, ४,८५,००० रोख. हातात काय, तर नोटरी केलेली इसार पावती.

मुदत संपली तशी नवी टेप सुरू. “पुरातत्त्वची एनओसी अडली.” “लोकल पुढारी आडवे आलेत.” आणि हे खरं वाटतं हो! वेरूळची लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरात नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते, हे त्या भागात कुणालाही माहीत आहे. अडथळा खरा, म्हणजे प्रकल्पही खरा, असंच कुणीही धरणार. त्याच जोरावर “परवानगीचा खर्च” म्हणून आणखी १,१५,००० नेले. एकूण ८,००,००० रुपये.

सातबारा आठवला की आजही अंगाची आग होते. आमच्या ओसरीवर त्यानं तो उभा दुमडून धरला होता. खातेदाराचं नाव बोटानं दाखवलं, जमिनीवरची बंधनं लिहितात तो ‘इतर अधिकार’चा रकाना घडीखाली. मी हात पुढं केला तर, “झेरॉक्स देतो ना भाऊ,” म्हणत कागद खिशात. ती झेरॉक्स आजवर आली नाही. नंतर ऑनलाइन उतारा काढला: इनामी जमीन, वर्ग २, परवानगीशिवाय विकायला बंदी. पण सोयऱ्याच्या हातातला कागद हिसकावून कोण वाचतं? तुम्ही वाचला असता?

पोलीस ठाण्यात म्हणे, “हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” वकील म्हणतो, फसवणूक आहे, गुन्हा नोंदवा. तहसीलमध्ये, “आमच्याकडं व्यवहारच नाही.” अर्जावर पोहोचेचा शिक्का मारायलासुद्धा साहेब जागेवर नसतात. रोख का दिली, हे मात्र प्रत्येक टेबलावर दरडावून विचारतात. पैसे घेणाऱ्याला एकदा बोलावून तर विचारा! पुरातत्त्वकडं चौकशी केली, तर अशा रिसॉर्टचा अर्जच कधी आलेला नाही. जो अर्ज नाही तो अडणार कसा?

एनओसी अडली म्हणाला की अर्जाची पोहोच मागा, तिथंच. परदेशी कंपनीला इथली शेतजमीन विकत घेताच येत नाही, फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा आहे. प्लॉटिंगच्या जाहिरातीवर महारेरा नंबर, म्हणजे सरकारी प्राधिकरणाकडचा प्रकल्प नोंदणी क्रमांक, नसेल तर उठून या. नोटरी म्हणजे रजिस्ट्री नव्हे. आणि सातबारा आपल्या मोबाइलवर आपणच काढायचा, सोयरा असला तरी.

ज्यांच्याकडं अशाच इसार पावत्या आहेत, त्यांनी एकेकट्यानं जाऊ नका, हाकलून देतात. दुपटीचं आमिष दाखवून पैसे गोळा केलेत, तेव्हा सगळे मिळून आर्थिक गुन्हे शाखेत लेखी द्या आणि एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा, लावा म्हणून अडून बसा. मी यायला तयार आहे.