वाडीचं मंडळ की ग्रामसभेची समिती? गावासाठी वेळ द्यायचा तर कुठे

नोकरी संपवून गावी परतलेला असो की मुंबईत राहून गावासाठी काही करू पाहणारा असो, कोकणातल्या माणसापुढे दोन जागा असतात: वाडीचं ग्रामस्थ मंडळ आणि ग्रामपंचायतीच्या समित्या. मानधन दोन्हीकडे नाही.

आधी बघा, तुमचं नाव कुठल्या मतदार यादीत आहे. गावच्या यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सदस्य. नाव मुंबईच्या यादीत असेल, तर घर, सातबारा, पालखीचा मान सगळं गावात असूनही ग्रामसभेत तुमचं मत धरलं जात नाही. अशा चाकरमान्याची जागा मंडळात. दापोली, गुहागर, लांजा इथे तर नगरपंचायत आहे, म्हणजे ग्रामसभाच नाही.

मंडळाचं बळ आहे वेगात. पाऊस ओसरला की एखाद्या रविवारी माणसं पऱ्यावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, जमतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड सुतळीनं शिवायचं, रांग करून गोणी हातोहात पुढे सरकवायची. संध्याकाळच्या आत पाणी अडतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पुढे काही आठवडे आधार मिळतो. निविदा नाही, मंजुरीची वाट नाही. आजारी माणसाला मुंबईतल्या इस्पितळात नेणं, शाळेच्या वह्या, स्मशानातली शेड ही कामं मंडळानंच करावीत.

मात्र पदावर बसण्याआधी कागद मागा. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान 7 सभासद लागतात. शिवाय 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद, दरवर्षी हिशेब तपासणी आणि पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज. हा अर्ज राहून गेला की दप्तरी जुनीच नावं राहतात आणि पुढे बँकेत सह्यांचा घोळ होतो.

माझी खरी अडचण वेगळी आहे. मंडळ वर्गणीदारांचं असतं. बैठकीला बहुधा घरटी एक पुरुष बसतो. एकटी राहणारी विधवा, भाड्यानं राहणारं कुटुंब, गावकीत मान नसलेली वाडी यांच्या वतीनं तिथे कोण बोलणार? बायका हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात पुढे असतात, जमाखर्चाच्या वहीपाशी क्वचितच. ज्या वाडीत पाण्याचा हंडा बाईच्या डोक्यावर आहे, तिथे हे मला मुळीच मान्य नाही.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या असाव्यात असा नियम आहे. वरच्या वाडीच्या नळाला पाणी चढत नसेल, तर मंडळ फार तर पाइप घेऊन देईल. व्हॉल्व्ह कुणी, किती वेळ उघडायचा, पाणीपट्टी किती, पंपाचं वीजबिल कोण भरणार, हे ठरणार समितीत आणि ग्रामसभेत. तिथला ठराव सूचक-अनुमोदकाच्या नावासह इतिवृत्तात चढतो आणि पंचायत समितीत नुसत्या मंडळाच्या पत्रापेक्षा त्याचं वजन जास्त. काम सावकाश चालतं, हे खरं. एका ठरावामागे महिनोन्‌महिने जातात आणि तुम्हाला ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) टेबलाशी पुन्हा पुन्हा उभं राहावं लागतं.

म्हणून पाणी, रस्ता, गावची जमीन असे विषय असतील तर मी समितीच निवडीन. कायमचे गावी आला असाल तर नमुना 8 भरून मतदार यादीतलं नाव आधी गावी आणा. मुंबईतच राहणार असाल तर मंडळात काम करा, पण गावचे विषय तिथल्या मतदाराला सूचक करून ग्रामसभेत मांडायला लावा.

ग्रामसभा वर्षात किमान 4 होतात. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतला कमी आकडा लागतो. तो भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तेव्हा पहिल्या सभेहून माघारी आलात तरी तहकुबीची तारीख विचारून घ्या. नियमित सभेआधी महिलांची वेगळी सभा भरते. घरातल्या बायकांना तिची वेळ सांगा आणि त्या दिवशी घरची कामं तुम्ही उचला.