वेंगुर्लेकराला देजिमा कसं वाटलं

लेक फुकुओकाला असते, म्हणून नागासाकीला जाणं झालं. दोन तासांची पायी सहल घेतली ती देजिमा या तिथल्या जुन्या डच वखारीसाठी. आमच्या वेंगुर्ल्यातही डचांची वखार आहे ना! आपली पडकी, झाडोऱ्यात बुडालेली. तिथे मात्र १६३६ साली समुद्रात भराव टाकून केलेलं हातपंख्याच्या आकाराचं बेट. १६४१ पासून डच व्यापारी तिथेच कोंडलेले. साखर यायची, तांबं जायचं. आता गोदामं पुन्हा उभी केलीत, पण भोवती समुद्रच उरला नाही! २०१७ साली बांधलेल्या पुलावरून आत शिरलो.

वाटाडे आजोबा सत्तरीचे असावेत. इंग्रजी अडखळत, पण पिशवीतून जुनी चित्रं काढून त्याच जागी उभं राहून दाखवायचे. १६३४ च्या मेगाने (म्हणजे चष्मा) पुलापाशी त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पाण्यातल्या दोन कमानींसमोर धरला. भाषा लागलीच नाही.

तक्रार एकच: ग्लोव्हर या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या बंगल्याची चढण. 'सोपी वाट' म्हणून बुकिंगला लिहिलेलं, माझ्या गुडघ्यांना विचारा. पाणीही आपलं आपणच न्यायचं. पुढच्या खेपेला देजिमालाच अख्खी सकाळ देणार.